जपानी नेमबाजी पदके : आधी मागची बाजू वाचा

प्रश्न : जपानी लष्कराच्या नेमबाजी पदकामागचे साल कसे काढायचे?

उत्तर : तिथे साल सम्राटाच्या राजवटीवरून मोजतात. मेजी सालात १८६७, ताइशो सालात १९११ आणि शोवा सालात १९२५ मिळवा. शोवा ९ म्हणजे १९३४. एक, दोन, तीन हे आकडे तितक्याच आडव्या रेघांचे. दहा म्हणजे आपले बेरजेचे चिन्ह. घोटाळा होतो तो दिशेमुळे. दुसऱ्या महायुद्धापूर्वीचा आडवा मजकूर बहुधा उजवीकडून डावीकडे असे. 'दहा-पाच' म्हणजे पंधरा. तेच उलटे वाचले की पन्नास होतात, आणि ताइशो तर पंधराव्या वर्षीच संपले! 'शोवा पहिले वर्ष' दिसले तर थबका. ते जेमतेम सात दिवसांचे होते, २५ ते ३१ डिसेंबर १९२६. त्या आठवड्यातली स्पर्धा पटण्यासारखी नाही.

प्रश्न : पदक चांदीचे म्हणून विकत आहेत. न घासता खात्री कशी करावी?

उत्तर : आधी कोरडे वजन घ्या. मग पाण्याचा पेला काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा आणि पदक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा. तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. आता दिसतील तितके ग्रॅम म्हणजे पदकाचे घनसेंटिमीटर. कोरड्या वजनाला त्याने भागा. शुद्ध चांदी १०.५ च्या आसपास येते, तांबे ९ च्या, पितळ ८.५ च्या. पदक २१ ग्रॅमचे आणि बुडवल्यावर आकडा २.३ आला, तर आत बहुधा तांबे आहे, वर फक्त मुलामा. फीत, मीनाकाम किंवा मागे पिन असेल तर हा प्रयोग नको. पाणी आत मुरते आणि आकडाही फसवतो.

प्रश्न : पदक काळे पडले आहे. चकचकीत करू का?

उत्तर : नको. जपानी कारागीर चांदीला गंधकाने मुद्दाम काळपट रंग देत. त्याला 'इबुशी' म्हणतात. पॉलिशने तो रंग जातो, बारीक अक्षरांच्या कडाही बोथट होतात. एकदा गेलेली अक्षरे परत येत नाहीत, आणि पदक कोणाला, कशासाठी मिळाले हे तीच सांगतात. मऊ, कोरड्या ब्रशने धूळ काढा, इतकेच. तांब्या-पितळेवर फिकट हिरवी भुकटी वारंवार येत असेल, तर मात्र ते पदक इतरांपासून दूर, कोरड्या जागी ठेवा. पीव्हीसीची पाकिटे टाळा, त्यांतून निघणारे आम्ल धातू खाते, पॉलिएस्टरची चालतात. मूळ किरी लाकडाची डबी असेल तर टाकू नका. झाकणावर अनेकदा पदकापेक्षा जास्त माहिती लिहिलेली असते.

प्रश्न : सैनिकांचे साकेचे (तांदळाच्या जपानी मद्याचे) प्याले नेमबाजीचे बक्षीस मानावेत का?

उत्तर : सरसकट नाही. बहुतेक प्याले सेवा संपल्याच्या आठवणीचे असतात. 'शागेकी', म्हणजे नेमबाजी, हा शब्द लिहिलेला असेल तरच विचार करा.