सपाट सोलापुरातून कळसूबाई: चढाची चिंता कमी करा, उताराची तयारी करा

ताई, तुमचा प्रश्न असा: तुम्ही ४४ वर्षांच्या, शाळेत शिक्षिका. दरवर्षी कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत जाता. डिसेंबरात नवरा आणि आठवीतला मुलगा यांच्यासह, शाळेतल्या ग्रुपबरोबर कळसूबाई करायचंय. शुक्रवारी रात्री गाडीने निघायचं, शनिवारी सकाळी चढायचं, रात्री परत. जिम लावू का, बूट कोणते, वर श्वास लागेल का, आणि मिस्टरांची बीपीची गोळी.

श्वासाचं आधी सांगतो, कारण भीती सगळ्यांना त्याचीच असते. कळसूबाई राज्यातलं सर्वांत उंच शिखर असलं तरी उंची १६४६ मीटर. विरळ हवेचा त्रास साधारण अडीच हजार मीटरच्या वर सुरू होतो. केदारनाथ साडेतीन हजारांच्या वर आहे, तिथली गोष्ट वेगळी. त्यामुळे कापराच्या पुड्या, ऑक्सिजनचे डबे असलं काही घेऊ नका. दम लागेल, पण तो चढाचा. जरा थांबलं की बसतो.

आता तुमच्या तुळजापूरच्या चालण्याकडे येतो. पंचेचाळीस किलोमीटर रात्रभर चालणाऱ्या बाईला चालण्याबद्दल मी काय शिकवणार? तळवे तयार आहेत, धीर आहे, रात्री दोन वाजता रडू आलं तरी पाय पुढे टाकायची सवय आहे. ग्रुपमधल्या निम्म्या लोकांकडे यातलं काही नसेल. पण एक आठवा. पहाटे तुळजापुरात पोचल्यावर देवीच्या दर्शनाला पायऱ्या उतराव्या लागतात, देऊळ खाली आहे. रात्रभर बिनतक्रार चाललेले पाय त्या पायऱ्यांवर लटलट कापतात. चालताना जे झालं नाही ते उतरताना का होतं? कळसूबाईची सगळी तयारी या प्रश्नात आहे.

चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत जाऊन तुम्हाला वर उचलतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असतो आणि ताणला जाता जाताच अंगाचं वजन धरून ठेवतो. भरलेला ट्रक घाट उतरताना ब्रेकवर जो भार येतो, तसाच. या कामात दम लागत नाही, म्हणून कळतही नाही. कळतं ते निम्म्या उतारावर गुडघे ऐकेनासे झाले की, नाहीतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना. सोलापुरात राहून आपल्याला हे काम कधी पडतच नाही. गाव सपाट, किल्लासुद्धा भुईकोट! सिद्धेश्वर तलावाभोवती कितीही फेऱ्या मारा, मांडीच्या त्या स्नायूला काडीचंही काम मिळत नाही. जिममधल्या ट्रेडमिलचंही तेच, चढ लावून चाललात तरी तो चढच. उतार सहसा मिळत नाही.

एक बरं आहे. हा स्नायू पटकन शिकतो. एकदा चांगला दुखून बरा झाला की पुढच्या वेळी तेवढ्याच कामाला बराच कमी दुखतो आणि हे काही आठवडे टिकतं. म्हणजे जे दुखणं डोंगरावर यायचं ते आत्ताच, घरी, हप्त्याहप्त्याने उरकून टाकायचं. त्यासाठी जिना हवा, जिमचे पैसे वाचवा.

हिशेब सोपा आहे. पायथ्याच्या बारी गावातून शिखरापर्यंत चढ नऊशे मीटरच्या आसपास. इमारतीचा एक मजला धरा तीन मीटर, म्हणजे एकूण तीनशे मजले. चार मजली अपार्टमेंट असेल तर तळापासून वर बारा मीटर, पंचवीस वेळा चढ-उतार केला की तीनशे मीटर. डोंगराचा एक तृतीयांश झाला. सहाव्या-सातव्या आठवड्यापर्यंत पाठीवर चार-पाच किलोची सॅक घेऊन एका दमात एवढं जमलं पाहिजे. एका दमात म्हणजे पळत नव्हे, मध्ये खाली बसून चहा न घेता. पूर्ण नऊशे मीटर जिन्यावर करायची गरज नाही. कंटाळाही येईल आणि वॉचमनला संशयही.

सुरुवात पाच-सहा फेऱ्यांनी करा, आठवड्यातून तीनदा, मध्ये एक दिवस सोडून. उतरताना लिफ्ट घ्यायची नाही. बरेच जण चढतात जिन्याने आणि उतरतात लिफ्टने, म्हणजे नेमका हवा तो अर्धा भाग टाकून देतात. पहिले दोन आठवडे सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून चढा, गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी घाला आणि रिकाम्या उतरा. गुडघ्यांना सवय होईपर्यंत तेवढी सवलत. नंतर वजनासकट उतरायचं. पाऊल आपटत नाही, हळू ठेवायचं. पायऱ्यांवर धप्प-धप्प आवाज येत असेल तर स्नायू काम करत नाहीये, हाडं करतायत.

घरी एक व्यायाम तेवढा करा. जिन्याच्या सर्वांत खालच्या पायरीवर एका पायावर उभं राहायचं, कठड्याला हात लावून. दुसरा पाय सावकाश खाली न्यायचा, मनात तीन आकडे मोजेपर्यंत, टाच जमिनीला जेमतेम टेकवायची आणि परत वर. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा. गुडघा आत वळायला लागला की त्या दिवशी तिथेच थांबायचं. गुडघ्याच्या वाटीत टोचल्यासारखं दुखलं तर व्यायाम बंद आणि हाडांच्या डॉक्टरकडे. मांडी भरून येणं वेगळं, सांध्यात टोचणं वेगळं, हा फरक पाळा. उठाबशा येत असतील तर उत्तम, पण त्याही खाली जाताना सावकाश. सरावाची वेळ सकाळीच ठेवा.

डोंगराच्या दोन-तीन आठवडे आधी एकदा सिंहगड करा, आतकरवाडीच्या पायवाटेने. चढ सहाशे मीटरच्या आसपास, म्हणजे कळसूबाईचा दोन तृतीयांश. हुतात्मा एक्स्प्रेसने जाल तर पोचेपर्यंत ऊन चढतं, त्यामुळे आदल्या रात्री पुण्यात मुक्काम करा. पुण्यात प्रत्येक सोलापूरकराचं कोणी ना कोणी असतंच. बूट, मोजे, सॅक, खाणं, सगळं त्या दिवशी तपासून घ्या. उतरायचंही पायीच, वरून जीपने नाही. शेवटचे पाच-सहा दिवस मात्र जिना बंद, नुसतं चालणं. आदल्या आठवड्यात जोर लावून काही मिळत नाही, फक्त दुखरे पाय घेऊन जाता.

आता तुमच्या ग्रुपच्या बेताबद्दल. हा बेत मला अजिबात पटलेला नाही, स्पष्ट बोलतो. सोलापूर ते बारी म्हणजे टेंभुर्णी, करमाळा, नगर, संगमनेर, अकोले, राजूर असा चारशेच्या जवळपास किलोमीटरचा पल्ला. दिवसभर शाळा करून, रात्रभर सीटवर मान टाकून पहाटे बारीत उतरणार, झोप शून्य. मग नऊशे मीटर चढणार, तेवढंच उतरणार आणि पुन्हा रात्री चारशे किलोमीटर. गाडी चालवणारा ग्रुपमधलाच असेल तर या बेतातला सर्वांत धोक्याचा भाग डोंगर नाहीच, परतीचा करमाळ्याचा रस्ता आहे. आदल्या दिवशी सकाळी निघा, संध्याकाळी बारीत पोचा, गावात राहण्या-जेवणाची घरगुती सोय होते, आधी फोन करून ठरवा. नऊला झोपा. उतरल्यावरही त्या रात्री बारी किंवा भंडारदऱ्याला राहा. एवढे दिवस मिळत नसतील तर शिखर पुढच्या सुट्टीत करा, ते तिथेच आहे. रेल्वेने यायचं तर सिद्धेश्वर एक्स्प्रेसने कल्याण, तिथून लोकलने कसारा, पुढे गाडी करून बारी. पण तोही रात्रीचाच प्रवास, म्हणून दुसऱ्या दिवशी आराम आणि तिसऱ्या दिवशी पहाटे चढाई. ग्रुपमधल्या कुणी तोंड वाकडं केलं तर माझं नाव सांगा.

नाताळ ते ३१ डिसेंबर हा आठवडा टाळा. शिखराच्या वाटेवर कातळाला लोखंडी शिड्या आहेत आणि सुट्टीच्या दिवशी चढणारे-उतरणारे तिथे समोरासमोर येऊन अडकतात. शिड्या अवघड नाहीत, रेलिंगही आहे. फक्त उतरताना तोंड शिडीकडे करायचं आणि हात मोकळे ठेवायचे. मोबाइल खिशात, काठी सॅकला बांधलेली. उंचीची भीती असेल तर खाली न बघता पुढची पायरी तेवढी बघायची.

पहाटे साडेपाच-सहाला निघा. डोक्याला बांधायची बॅटरी प्रत्येकाकडे वेगळी हवी, मोबाइलचा टॉर्च म्हणजे एक हात गेला. वेळेचा एक जुना ठोकताळा आहे, विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला: सपाटीवर ताशी पाच किलोमीटर आणि दर सहाशे मीटर चढाला एक तास जादा. हा तयारीच्या माणसाचा वेग आहे, त्यात थांबणं धरलेलं नाही. तुम्ही चढायला साडेतीन-चार तास धरा, उतरायला जवळपास तेवढेच. बारा वाजले की जिथे असाल तिथून परत, शिखर दिसत असलं तरी. हे खाली असतानाच सगळ्यांसमोर ठरवून टाका, वर गेल्यावर कोणी ऐकत नाही.

पहिला अर्धा तास लाज वाटेल इतकं हळू चाला. चालता चालता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. शब्दाशब्दाला धाप लागत असेल तर वेग जास्त आहे. मुलगा पुढे पळणार हे धरून चाला, त्याला एकच नियम द्या: प्रत्येक शिडीच्या पायथ्याशी थांबायचं. त्याची बाटली आणि शिट्टी त्याच्याच पाठीवर.

माणशी तीन लिटर पाणी. वाटेत टपऱ्या आहेत, शनिवार-रविवारी लिंबू सरबत, भजी मिळतात, पण मधल्या वारी जाल तर काहीच मिळणार नाही असं समजूनच निघा. नुसतं पाणी ढोसू नका, घामातून मीठ जातं. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने, हे घरचं मिश्रण एका बाटलीत ठेवा. किंवा मेडिकलमधून ओआरएसची पुडी घ्या, ती पुडीवर लिहिलेल्या मापातच मिसळायची.

खाण्याच्या बाबतीत आपण सोलापूरकर नशीबवान. कडक भाकरी आणि शेंगाचटणी, ना सांडायचं ना नासायचं. पण ती शिखरावर बसून खायची, चढताना नाही. चढताना कोरडी भाकरी घशात बसते आणि पाणी संपवते. चढताना दर तासाला थोडं थोडं: खजूर, चिक्की, गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याचा लाडू. आणि हो, डिसेंबर म्हणजे हुरड्याचा हंगाम. आदल्या दिवशी हुरडा पार्टी नको, पोट दुसऱ्या दिवशी शिडीवर आठवण करून देतं.

सोलापूरची उंची साडेचारशे मीटरच्या वर-खाली, म्हणजे शिखर आपल्यापेक्षा जवळजवळ बाराशे मीटर उंच. हजार मीटरला साधारण साडेसहा अंश या हिशेबाने वर सात-आठ अंश थंडी जास्त, शिवाय वारा. घामाने भिजलेला सुती शर्ट त्या वाऱ्यात बर्फ होतो. अंगाला लागून लवकर वाळणारा टी-शर्ट, सॅकमध्ये एक कोरडा जोड, वर वारा अडवणारं पातळ जॅकेट. जीन्स नको. सोलापुरी चादर बारीच्या मुक्कामात लाखमोलाची, डोंगरावर नेऊ नका, वजन तुमच्याच खांद्यावर येणार. टॉवेल मात्र आपलाच न्या, छोटा.

बुटांवर फार डोकं घालवू नका. तळ खाचांचा, रबर मऊ, नवेकोरे नकोत, निदान महिनाभर वापरलेले. दुकानात संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. ट्रेकचेच मोजे घालून बघा. उतारावर बोटं पुढे आदळून नखं काळी पडतात, म्हणून बुटात पुढे अंगठ्याएवढी जागा हवी, उतरण्याआधी घोट्याजवळची नाडी घट्ट करायची आणि नखं दोन दिवस आधी कापायची. उतारासाठी काठी जरूर घ्या, दोन असतील तर आणखी चांगलं.

राहिली मिस्टरांची गोळी. ती त्या दिवशी मनाने बंद करायची नाही आणि मनाने चालूही ठेवायची नाही, डॉक्टरांना विचारायचं. बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, घामाबरोबर त्यानेही पाणी जातं. काहींनी नाडी फारशी वाढत नाही, मग घड्याळावरचे ठोके बघून अंदाज चुकतो. डॉक्टरांना नुसतं "ट्रेकला जातोय" म्हणू नका, "सात-आठ तास, तीनशे मजले चढून उतरणार" असं सांगा, म्हणजे ते गरज वाटली तर ईसीजी किंवा स्ट्रेस टेस्ट सांगतील. हे या आठवड्यातच करा, जिना सुरू करायच्या आधी. चढताना छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणं, गरगरणं यातलं काहीही झालं तर बसवा, चालवू नका, ११२ ला फोन लावा आणि गावातल्या माणसांना हाक मारा.