दुसऱ्या प्रश्नाला यादी संपते

प्रश्न : सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी तांत्रिक मुलाखत पंधरा दिवसांवर आली आहे. ‘नेहमी विचारले जाणारे २०० प्रश्न’ अशी उत्तरांसकट यादी हाती लागली, त्यातले निम्मे पाठही झाले. उरलेले पाठ करू की वेळ वाया जातोय?

उत्तर : उरलेले पाठ करू नका. यादी मात्र फेकूनही देऊ नका.

पाठांतर चालून जातं ते पहिल्या चाळणीत. फोनवर कुणीतरी समोरच्या कागदावरचे दहा-बारा प्रश्न विचारतं आणि अपेक्षित शब्द कानावर आला की खूण करतं. ‘प्रायमरी की आणि युनिक की यांत फरक काय?’ याला तिथे दोन वाक्यं पुरतात. पुढच्या फेरीत रोज हेच काम करणारा इंजिनिअर समोर असतो. तो पहिला प्रश्न यादीतलाच विचारेल, पण त्याला ऐकायचं असतं ते दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, आणि तो दुसरा प्रश्न तुमच्या पहिल्या उत्तरातून निघतो. तो कुठल्या यादीत असणार?

डेटाबेसच्या जवळजवळ प्रत्येक यादीत डिलीट (टेबलातल्या ओळी काढणं) आणि ट्रंकेट (सगळं टेबल एकदम रिकामं करणं) यांतला फरक असतो. छापील उत्तर असं : ‘डिलीट रोलबॅक करता येतं, ट्रंकेट करता येत नाही.’ रोलबॅक म्हणजे केलेला बदल मागे घेणं. ऑरॅकल या डेटाबेसमध्ये हे खरं आहे. मायएसक्यूएलमध्येही ट्रंकेट चालवलं की आपोआप कमिट होतं, म्हणजे बदल कायम होतो. पण पोस्टग्रेस किंवा एसक्यूएल सर्व्हरमध्ये ट्रॅन्झॅक्शन (एकत्रच कायम किंवा रद्द होणारा बदलांचा गट) उघडा, ट्रंकेट चालवा, रोलबॅक द्या. टेबल होतं तसं भरलेलं परत मिळतं. समोरचा माणूस पोस्टग्रेसवर काम करणारा असेल तर तुम्ही ठासून चूक सांगितलेली असते. तो फक्त ‘नक्की?’ एवढंच म्हणतो, आणि पाठ केलेल्याकडे त्यापुढे बोलायला काही नसतं.

दुसरा ठरलेला प्रश्न म्हणजे ‘दुसऱ्या क्रमांकाचा पगार काढा’. यादीतली क्वेरी (डेटाबेसला दिलेली आज्ञा) सर्वांत मोठ्या पगारापेक्षा लहान असलेल्या पगारांतला मोठा काढते. ती बरोबर आहे. मग मुलाखतकार म्हणतो, ‘आता पाचव्या क्रमांकाचा काढा’, किंवा ‘प्रत्येक विभागातला दुसरा काढा’. पाचव्यासाठी तीच क्वेरी एकात एक अशी खुपसत बसावं लागतं आणि विभागाचं नाव निघालं की हात थांबतो. इथे ओळींना क्रमांक देणारं विंडो फंक्शन लागतं, आणि रो नंबर, रँक, डेन्स रँक या तीनपैकी कुठलं, हे कळायला पाठांतर उपयोगी पडत नाही. पगार ९०, ९० आणि ७५ हजार असे तीनच धरा. रो नंबर त्यांना १, २, ३ असे क्रमांक देईल. म्हणजे ‘दुसरा’ पुन्हा ९०च. रँक देईल १, १, ३. दुसरा क्रमांकच नाही, उत्तर रिकामं. डेन्स रँक देईल १, १, २, म्हणजे ७५. आणखी एक खोच : सगळ्यांचा पगार सारखाच असेल तर जुनी क्वेरी एक ओळ देते आणि तिच्यात नल (रिकामी किंमत) असतं, डेन्स रँकवाली एकही ओळ देत नाही. हे तीन ओळींचं टेबल स्वतः बनवून तिन्ही फंक्शनं चालवायला दहा मिनिटं लागतात, आणि मग प्रश्न कसाही फिरवला तरी चालतो.

प्रश्न : मग या यादीचा वापर करायचा तरी कसा? रोज दोन तास मिळतात.

उत्तर : आधी उत्तरं झाका. नुसते प्रश्न वाचत तीन ढीग करा : न बघता मोठ्याने दीड मिनिट बोलता येतं ते, अर्धवट येतं ते, शब्दच नवा आहे ते. पहिल्या ढिगाला हात लावू नका. तिसऱ्यातला प्रश्न जाहिरातीत मागितलेल्या कामाशी जुळत नसेल तर तोही सोडा. दोनशेतले चाळीसेक उरतील. रोज चार घेतले तर दहा दिवस, शेवटचे पाच दिवस उजळणीला.

प्रत्येक प्रश्नाला अर्धा तास द्या. उत्तर समजून घ्या, एक छोटं उदाहरण यंत्रावर चालवून पाहा आणि मग स्वतःला तीन उपप्रश्न विचारा : असं का? हे कधी वापरू नये? हे मोडतं कुठे? समजा, प्रश्न इंडेक्सचा, म्हणजे ओळी पटकन सापडाव्यात म्हणून ठेवलेल्या सूचीचा आहे. ‘इंडेक्समुळे शोध वेगात होतो’ हे सगळ्यांनाच येतं. कधी वापरू नये? टेबलात सतत नव्या ओळी पडत असतील तर प्रत्येक ओळीमागे सगळे इंडेक्सही बदलावे लागतात आणि लिहिणं मंदावतं. मोडतं कुठे? तारखेच्या कॉलमवर साधा इंडेक्स आहे, पण अटीत त्या कॉलमला वर्ष काढणाऱ्या फंक्शनमध्ये गुंडाळलं. मग डेटाबेसला तो शोधासाठी धडपणे वापरता येत नाही. तीच अट ‘१ जानेवारीपासून पुढच्या १ जानेवारीच्या आधीपर्यंत’ अशी लिहिली की इंडेक्स कामाला येतो. एक्स्प्लेन (क्वेरी कशी चालेल ते दाखवणारी आज्ञा) लावून दोन्हींचा आराखडा शेजारी ठेवा.

तोच प्रश्न दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने पुन्हा स्वतःला विचारा. वाचू नका, विचारा. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये विस्मरणावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले, तेव्हा पाठांतराला मुद्दाम अर्थहीन अक्षरगट घेतले होते. ते फार झपाट्याने विसरले जातात. न समजता घोकलेली उत्तरं त्याच जातीची.

प्रश्न : कोडिंगची गणितंही पाठ करू नयेत का? त्यांच्या पद्धती तर ठरलेल्याच असतात.

उत्तर : पद्धत लक्षात ठेवा, कोड नको. ‘यादीतल्या कोणत्या दोन संख्यांची बेरीज अमुक होते?’ याचं हॅश मॅपचं (किल्लीवरून नोंद थेट शोधून देणाऱ्या रचनेचं) उत्तर अनेकांना पाठ असतं. संख्या ३, ४, ५ आणि बेरीज ६ हवी, हे घालून बघा. सगळ्या संख्या आधी मॅपमध्ये भरून मग जोडीदार शोधला आणि जागा तपासली नाही, तर ३ ला जोडीदार म्हणून तोच ३ सापडतो आणि उत्तर चुकतं. म्हणून आधी शोधायचं, मग भरायचं. पाठ केलेल्यांकडून हा क्रम फळ्यावर हमखास उलटा होतो, कारण तो तसा का आहे हे त्यांना ठाऊक नसतं. पुढे ‘यादी चढत्या क्रमात आहे, जादा मेमरी नको’ म्हटलं की दोन टोकांकडून आत सरकायचं असतं, तिथे मॅपची गरजच उरत नाही.

प्रश्न : यादीतलं उत्तर जुनं किंवा चूक आहे हे ओळखायचं कसं?

उत्तर : उत्तरात आवृत्तीचा उल्लेख नसेल तर संशय धरा. ‘पायथनच्या डिक्शनरीत क्रम राहत नाही’ हे अजून छापलं जातं, पण ३.७ आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून, ज्या क्रमाने भरलं तो क्रम टिकण्याची हमी भाषाच देते. जावाच्या याद्यांत पर्मजेन (मेमरीचा एक भाग) दिसला तर ती यादी २०१४ च्या आधीच्या माहितीवर बेतलेली समजा. जावा ८ मध्ये तो काढून मेटास्पेस आणला. शंका आली की भाषेचे अधिकृत दस्तऐवज उघडा.

प्रश्न : मी उमेदवारांच्या मुलाखती घेतो. समोरचा पाठ केलेलं म्हणतोय हे कसं ओळखावं? आणि त्यासाठी त्याला नापास करावं का?

उत्तर : पाठ केलं म्हणून नापास करू नका, तयारी करून येणं हा गुन्हा नाही. उत्तर ऐकून घ्या आणि एकच अट बदला. ‘हॅश मॅपमधून किल्ली शोधायला किती वेळ?’ ‘ओ ऑफ वन.’ (म्हणजे नोंदी कितीही असोत, वेळ साधारण तेवढाच.) ‘सगळ्या किल्ल्यांचा हॅश (किल्लीवरून काढलेला आकडा) एकच आला तर?’ समजून आलेला थांबतो, मनात चित्र काढतो, ‘मग सगळ्या एकाच बकेटमध्ये (कप्प्यात) पडतील, तिथे ओळीने शोधावं लागेल’ असं काहीतरी बोलू लागतो. जावा ८ पासून एका बकेटमध्ये फार नोंदी साचल्या की तिथे ओळीऐवजी झाडासारखी रचना तयार होते, हे त्याने नाही सांगितलं तरी चालेल. पाठ केलेला मात्र तेच वाक्य पुन्हा, थोडं मोठ्याने म्हणतो. तेव्हा त्याला कागद द्या, चार बकेट काढून किल्ल्या टाकायला सांगा आणि दोन मिनिटं गप्प बसा. घाबरलेला आणि पोकळ यांतला फरक कागदावर दिसतो. घाबरलेल्याचा हात तिसऱ्या किल्लीपर्यंत मोकळा होतो.