वाचकांची विचारणा : एस्प्रेसोचं मशीन, बेताच्या पैशांत

प्रश्न : घरी एस्प्रेसो करायची आहे, पण खर्चाला मर्यादा आहे. एका मशीनवर १५ बार लिहिलंय, दुसऱ्यावर २० बार. तिसऱ्यात ग्राइंडर आतच बसवलेला आहे. नेमकं काय बघून घ्यावं?

उत्तर : बारचा, म्हणजे दाबाचा, आकडा सोडून द्या. तो पंपाचा आहे, तुमच्या कपातल्या कॉफीचा नाही. घरगुती मशीनमधल्या छोट्या व्हायब्रेशन पंपापुढे पाण्याला वाटच नसेल, तर तो जास्तीत जास्त किती रेटा देऊ शकेल, ते खोक्यावर छापतात. कॉफीच्या थरावर लागतो तो ९ बारच्या आसपासचा दाब. १९६१ साली फेमा कंपनीच्या ई-६१ मशीनने विजेवरचा पंप रुळवला. कॅफेतली मशीन आजही साधारण ९ बारलाच लावलेली असतात. दाब फार चढला तर पूड इतकी आवळली जाते की पाणी कुठूनतरी फट काढून निसटतं. म्हणून बऱ्या मशीनमध्ये जादा दाब सोडून देणारी झडप असते, तिला ओपीव्ही म्हणतात. ती आहे का आणि किती बारला लावली आहे, हे विचारा. २० बारपेक्षा या प्रश्नाच्या उत्तरावरून मशीन जास्त कळतं.

आता पैशांची वाटणी. जेवढी रक्कम बाजूला काढली असेल तिच्यातली निम्मी ग्राइंडरसाठी राखून ठेवा. हे ऐकून बहुतेकांचा चेहरा पडतो, पण इथे काटकसर केली तर मशीनवरचा सगळा खर्च वाया जातो. एस्प्रेसोत पाण्याला अडवून धरणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे पूड. ती सारखी दळली गेली नाही किंवा हवी तेवढी बारीक झाली नाही, तर पाणी सात-आठ सेकंदांत आरपार जातं आणि कपात आंबट, पातळ काहीतरी पडतं. पात्याचा ग्राइंडर, म्हणजे मिक्सरसारखा फिरणारा, इथे चालत नाही, बरचाच, म्हणजे दोन दातेरी चकत्यांमध्ये बिया दळणारा, हवा. त्यातही दळण अगदी थोड्या थोड्या फरकाने बदलता आलं पाहिजे. खटक्यांचा ग्राइंडर घेत असाल तर एका खटक्याला दोन बरांमधलं अंतर किती मायक्रॉनने बदलतं ते पाहा. १० ते २० मायक्रॉन असेल तर उत्तम. काही स्वस्त हातग्राइंडरमध्ये ते ८० च्या घरात असतं. फिल्टर कॉफीला ते चालून जातं. एस्प्रेसोला मात्र एका खटक्यावर पाणी धो-धो पडतं आणि पुढच्यावर पूर्ण तुंबतं, मधली जागाच मिळत नाही.

बजेट खरोखर तंग असेल तर हातग्राइंडरच घ्या. त्याच किमतीत मोटरीचे पैसे वाचतात आणि बर चांगले मिळतात. १५-१८ ग्रॅम बिया एस्प्रेसोइतक्या बारीक दळायला दीड-दोन मिनिटं आणि बऱ्यापैकी मनगट लागतं, एवढंच.

आत ग्राइंडर असलेलं मशीन टाळावं असं आमचं मत. ओट्यावरची जागा वाचते हे खरं. पण दोन्हींपैकी एक बिघडलं की दोन्ही दुरुस्तीला जातात, आणि पुढे नुसता ग्राइंडर बदलावासा वाटला तर तो बदलता येत नाही.

उरलेल्या पैशांत मशीन घेताना ओपीव्हीनंतर दोन गोष्टी पाहा. एक, साधी, एकाच तळाची बास्केट, म्हणजे पूड भरायची भोकांची वाटी, बसते का. दोन, पाण्याचं तापमान ९० ते ९६ अंशांत टिकतं का. पीआयडी, म्हणजे तापमान स्थिर राखणारं इलेक्ट्रॉनिक नियंत्रण, असेल तर ही काळजी बरीच मिटते. कप गरम करायची जाळी, दाबाचा काटा, रंगीत पडदा यांच्यासाठी जादा मोजू नका. ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा मात्र पहिल्याच यादीत लिहा.

प्रश्न : माझ्याकडे स्वस्तातलं, ५१ मिमी बास्केटचं मशीन आहे. वर फेस छान येतो, पण कॉफी पाणचट आणि कडवट लागते. मशीन बदलावं का?

उत्तर : एवढ्यात नको. बास्केट उजेडात धरून पाहा. आतून शेकडो भोकं दिसतात पण बाहेरच्या तळाला सुईएवढं एकच भोक आहे, असं असेल तर ती दुहेरी तळाची, दाबाची बास्केट. तिच्यात अडथळा पूड करत नाही, ते एकुलतं भोक करतं. त्यामुळे आधी दळून आणलेली जाडसर पूडही चालते आणि पाणी भोकातून फवाऱ्यासारखं बाहेर पडताना भरपूर फेस होतो. तो दिसायला क्रेमासारखा, म्हणजे चांगल्या एस्प्रेसोवरच्या फेसासारखा असतो, चवीत त्याचा उपयोग नाही.

५१ मिमीची साधी, एकाच तळाची बास्केट वेगळी मिळते. घेण्याआधी एक खात्री करा : काही मशीनमध्ये दाबाची झडप बास्केटमध्ये नसून पोर्टाफिल्टरच्या, म्हणजे बास्केट बसवायच्या दांडीच्या, बुडाशी असते. तसं असेल तर नुसती बास्केट बदलून काही होणार नाही, बिनबुडाचा पोर्टाफिल्टरही लागेल. शिवाय मशीनबरोबर आलेला प्लॅस्टिकचा टॅम्पर, म्हणजे पूड दाबायचा ठोकळा, बहुधा दोन-तीन मिमीने लहान असतो. कडेची पूड सुटी राहते आणि पाणी तिथूनच वाट काढतं. बास्केटच्या आतल्या मापाचा धातूचा टॅम्पर घ्या.

साध्या बास्केटवर आलात की दळण जुळवणं आलं. ५१ मिमीच्या दोन कपांच्या साध्या बास्केटमध्ये साधारण १५ ग्रॅम पूड बसते. ती वजन करूनच घ्या. पूड मैद्याइतकी मऊ नको. चिमटीत चोळल्यावर जरा कणी लागली पाहिजे, पण बारीक मिठापेक्षा ती बारीक हवी. ०.३-०.४ मिमी जाडीच्या सुया बुचात खोचून त्यांनी पूड तळापर्यंत ढवळा, गाठी मोडा, बास्केट हलकेच आपटून पातळी सारखी करा आणि सरळ दाबा. किती जोराने दाबता याला फार महत्त्व नाही. पूड आणखी दबेनाशी झाली की थांबा. तिरकं दाबलं तर मात्र ते कपात कळतं.

कप वजनकाट्यावर ठेवा, पंप सुरू होताच वेळ मोजायला लागा आणि ३० ग्रॅम भरले की बंद करा. २५ ते ३० सेकंद लागले तर चव घ्या. १५ सेकंदांत झालं तर दळण बारीक करा, ४५ लागले तर जाड. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि सुरुवातीला ती गोष्ट दळणच असू द्या. वजन, दळण आणि दाबणं एकदम बदललं तर फरक कशाने पडला ते कधीच कळत नाही. विजेच्या ग्राइंडरमध्ये आधीच्या दळणाची थोडी पूड अडकून राहते, तेव्हा सेटिंग बदलल्यावर पहिली दोन-तीन ग्रॅम टाकून द्या. वेळ जमल्यावरही आंबट लागली तर ३० ऐवजी ३५ ग्रॅमपर्यंत काढा. कडू आणि जीभ कोरडी करणारी लागली तर २६-२७ वर थांबवा.

आंबट आणि कडू एकाच घोटात लागणं हा वेगळा प्रकार आहे. पाण्याने थरात एका जागी बोगदा केलेला असतो : तिथली पूड जास्त निथळली, बाकीची तशीच राहिली. बिनबुडाच्या पोर्टाफिल्टरखाली पाहिलं तर अशा वेळी बारीक चिळकांड्या उडताना दिसतात. उपाय दळणात नाही, ढवळण्यात आणि सरळ दाबण्यात आहे.

आणि बियांच्या पाकिटावर भाजल्याची तारीख पाहा. भाजल्यापासून एक ते चार आठवड्यांतल्या बिया घ्या. कित्येक महिन्यांच्या बियांतला वायू उडून गेलेला असतो. कितीही बारीक दळा, पाणी धावतच जातं.

प्रश्न : मोका पॉटमधली कॉफी म्हणजे एस्प्रेसोच ना?

उत्तर : नाही. १९३३ पासून चालत आलेलं हे भांडं वाफेच्या जोरावर चालतं आणि दाब १-२ बारच्या आसपास राहतो. पण तुम्ही कायम दूध घालूनच पीत असाल तर मशीनचा विचार करण्याआधी मोका पॉट आणि चांगला हातग्राइंडर घेऊन पाहा. कदाचित तेवढ्यावर भागेल.

प्रश्न : सकाळी दोघांना दुधाची कॉफी लागते. थर्मोब्लॉकचं मशीन घ्यावं की एका बॉयलरचं? दोन बॉयलरचं परवडणार नाही.

उत्तर : सकाळची घाई असेल तर थर्मोब्लॉक. पाणी तापलेल्या ठोकळ्यातल्या नळीतून जाता जाता गरम होतं, त्यामुळे मशीन एखाद्या मिनिटात तयार असतं. फसगत एवढीच होते की पाणी तापलं तरी पोर्टाफिल्टर थंडगार असतो. तो लावून पूड न घालता एक कपभर पाणी काढा, मग पुसून पूड भरा. दूध फेसायची वाफ सुरुवातीला ओलसर येते. दुधात नळी बुडवण्याआधी तिच्यातलं पाणी बाहेर जाऊ द्या.

एका बॉयलरच्या मशीनला १५-२० मिनिटं आधी चालू करावं लागतं, पण सगळं लोखंड-पितळ तापलं की ते उष्णता धरून ठेवतं. अडचण दोन कामांची आहे. कॉफीला पाणी ९३ अंशांच्या आसपास हवं आणि वाफेसाठी बॉयलर १२० च्या वर न्यावा लागतो. म्हणून दोन्ही एस्प्रेसो आधी काढून घ्या, मग वाफेचं बटण दाबून थांबा, आणि दोघांचं दूध एकाच जगमध्ये, म्हणजे चोचीच्या भांड्यात, एकदम फेसवा. जग अर्ध्याहून कमी भरा. वाफेच्या नळीचं टोक दुधाच्या पृष्ठभागाच्या जेमतेम खाली ठेवून जग हाताला कोमट लागेपर्यंत हवा घ्या, मग टोक खोल नेऊन दूध गोल फिरू द्या. जग हातात धरवेनासा झाला की, म्हणजे ६० अंशांच्या आसपास, बंद करा. त्यापुढे दुधाची गोडी जाते.

वाफेनंतर लगेच तिसरी एस्प्रेसो काढली तर ती हमखास करपट होते. आधी गरम पाण्याचा नळ उघडून पंप चालवा. फुसफुस थांबून सरळ धार आली की बॉयलर निवला आणि पुन्हा भरला असं समजा. हे रोज टाळणाऱ्यांच्या मशीनचा हीटर पाण्याबाहेर तापून लवकर जातो.

प्रश्न : हाताने दाबायच्या, बिनविजेच्या लिव्हर मशीनविषयी काय मत आहे?

उत्तर : एकट्याने, दूध न घालता पिणाऱ्यासाठी कमी पैशांत याहून चांगली एस्प्रेसो मिळणं कठीण आहे. पंप नाही, हीटर नाही, त्यामुळे बिघडायला रबरी रिंगांपलीकडे फारसं काही नाही. ९ बार हाताने येतील का, ही शंका रास्त आहे : ५८ मिमी रुंद दट्ट्यावर ९ बार म्हणजे जवळजवळ २४० किलो भार होतो, ४० मिमीवर ११५ किलो. म्हणून यांची दांडी लांब असते आणि काहींचा दट्ट्या मुद्दाम अरुंद ठेवलेला असतो. ६-७ बारवरही कॉफी छान होते, तेव्हा काट्याशी झुंज नको. दाबाचा काटा असलेला नमुना घ्या. मघाशी मशीनवरच्या काट्यासाठी जादा मोजू नका म्हटलं, पण इथे पंप तुम्हीच आहात.

यात हमखास चुकतं ते तापमान. उकळतं पाणी थंड धातूत ओतलं की ते कित्येक अंश उतरतं, आणि हलक्या भाजणीच्या बिया मग आंबट लागतात. पाणी ओतायचा सिलिंडर आधी उकळत्या पाण्याने किंवा वाफेवर तापवा. गडद भाजणीला एवढी मेहनत नको. दूध लागलंच तर ते ६० अंशांपर्यंत तापवून फ्रेंच प्रेसमध्ये, म्हणजे जाळीचा दट्ट्या असलेल्या कॉफीच्या भांड्यात, जाळी भराभर वरखाली करा, कामापुरता फेस येतो.

प्रश्न : मशीनमध्ये आरओचं पाणी घातलं तर क्षार धरणार नाहीत ना?

उत्तर : क्षार धरणार नाहीत, पण कॉफी बेचव आणि टोकदार आंबट लागेल. काही मशीनमधला पाण्याची पातळी ओळखणारा सेन्सर खनिजांशिवाय चालतही नाही. सोपा तोडगा असा : खाण्याच्या दर्जाचं १० ग्रॅम पोटॅशियम बायकार्बोनेट एक लिटर पाण्यात विरघळवून बाटली भरून ठेवा आणि दर लिटर शुद्ध पाण्यात त्यातलं १० मिलि घाला. म्हणजे लिटरमागे १०० मिलिग्रॅम झालं. यात कॅल्शियम नसल्याने चुना साचत नाही. वैद्यकीय कारणाने पोटॅशियमवर बंधन असेल तर हा उपाय करू नका.

पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांचा अंदाज देणाऱ्या टीडीएस मीटरवर विसंबू नका, तो कठीणपणा मोजत नाही. नळाच्या पाण्याचा कठीणपणा तपासणीच्या पट्टीवर लिटरमागे १०० मिलिग्रॅमच्या वर दिसला तर ते पाणी तसंच वापरू नका. चुना काढताना व्हिनेगरचा वास दिवसेंदिवस राहतो. सायट्रिक आम्ल बरं, पण बॉयलर किंवा थर्मोब्लॉक ॲल्युमिनियमचा असेल तर आधी पुस्तिका वाचा.

प्रश्न : वापरलेलं मशीन घेणं शहाणपणाचं आहे का? काय तपासावं?

उत्तर : सुटे भाग मिळत असतील तर अगदीच. गाजिया क्लासिक १९९१ पासून आणि रँचिलिओ सिल्व्हिया १९९७ पासून बाजारात आहे. दोन्हींचा जवळजवळ प्रत्येक भाग वेगळा मिळतो आणि स्क्रू-ड्रायव्हर-पान्यांनी बदलता येतो. याउलट, बटण दाबताच दळून कपात ओतणारी पूर्ण स्वयंचलित मशीन जुनी घेऊ नका.

मशीन थंड असतानाच जाऊन पोहोचा आणि ते समोर चालू करायला सांगा. आधीच तापवून ठेवलेल्या मशीनमध्ये दोष लपतात. तापताना घरातला गळती-संरक्षक स्विच पडला तर हीटरचं आवरण गेलं आहे; घासाघीस न करता परत या. तापल्यावर खालून पाणी ठिबकतंय का ते बघा. पोर्टाफिल्टरच्या कडेने गळत असेल तर घाबरू नका, ती रबरी गॅस्केट कडक झालेली असते आणि ती स्वस्तात बदलता येते. पोर्टाफिल्टर न लावता पाणी सोडा : धार एकसंध हवी, पंप घुरघुरतोय पण पाणी अडखळतंय तर आत चुना आहे. वाफ निदान अर्धं मिनिट जोर धरून यायला हवी.

शेवटी भोकं नसलेली बास्केट लावून दहा सेकंद पंप चालवा आणि बंद करा. तीन-मार्गी सोलेनॉइड झडप (पंप बंद होताच उरलेला दाब सोडून देणारी विजेची झडप) असलेल्या मशीनमध्ये लगेच खालच्या ट्रेमध्ये पाण्याचा फवारा सुटतो. सुटला नाही तर झडप तुंबली आहे. सोडून, साफ करून ती बहुधा चालू होते, पण तेवढे पैसे कमी करून मागा. ही झडप नसलेल्या मशीनवर ही चाचणी करू नका : आतला दाब अडकून राहतो, आणि पोर्टाफिल्टर काढायला गेलात तर गरम पाणी अंगावर उडतं.