बी.एससी.ला कॅल्क्युलस, न्यूमेरिकल मेथड्स शिकवताना मॅक्सिमा (गणितं सोडवणारं सॉफ्टवेअर) वापरावं की हातानेच करून घ्यावं?

वापरा की, फुकट आहे, पण आधी दोन स्टेप वहीत झाल्याच पाहिजेत, नाहीतर पोरं नुसतं एंटर दाबत बसतात.

मी न्यूटन-रॅफसनला (एका अंदाजापासून सुरू करून पायरीपायरीने समीकरणाच्या उत्तराजवळ जायची पद्धत) एक्स क्यूब वजा २ एक्स वजा ५ बरोबर शून्य घेते. सुरुवात २ दिली की मॅक्सिमा २१/१०, मग ११७६१/५६१५ असे अपूर्णांकच देत सुटतं, पुढे ते स्क्रीनभर होतात आणि वर्गात हशा पिकतो, मग २ ऐवजी २.० टाकायचं, लगेच २.१, २.०९४५७, २.०९४५५. एक्झॅक्ट आणि अंदाजे यातला फरक फळ्यावर तासभर सांगून इतका कळत नाही. नंतर शून्यापासून सुरू करायला लावा, पहिलाच आकडा -२.५ येतो अन् गाडी भरकटते. का भरकटली ते मात्र ग्राफ काढून त्यांनाच शोधू दे!