तळाच्या संघासाठी स्पर्धा बांध

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद.

तुझा आराखडा नीट वाचला. पुण्यात रग्बी लीगची, म्हणजे तेरा जणांच्या रग्बीची, हौशी स्पर्धा उभी करायचं तू मनावर घेतलंस, याचा मला फार आनंद झाला. आठ संघ, २८ साखळी सामने, बालेवाडीत अंतिम सामना, करंडक, पाहुणे, सगळं तू मांडलं आहेस. पण अंतिम सामन्यावर दोन पानं आणि शेवटच्या साखळी फेऱ्यांवर एक ओळ, हे मला खटकलं. साखळी स्पर्धा मोडते ती तळाच्या संघापाशी. सलग चार सामने हरलेला संघ पाचव्या रविवारी सकाळी सातला मैदानावर उभा राहतो का? तो आला नाही की समोरच्याला पुढे चाल, म्हणजे न खेळता विजय, मिळते. ज्यांनी आधी त्याच संघाशी घाम गाळून गुण मिळवले त्यांच्यावर अन्याय होतो, पंच ताटकळतात आणि पुढच्या वर्षी एक क्लब कमी होतो. म्हणून कुठलाही नियम लिहिताना आधी हे बघ की या नियमामुळे तळाचा संघ मैदानावर येईल की घरी बसेल.

हा खेळ जन्मलाच या प्रश्नातून. इंग्लंडच्या उत्तरेकडचे गिरणी आणि खाण कामगार शनिवारी खेळायला गेले की त्यांची मजुरी बुडायची. ती भरून द्यावी ही क्लबांची मागणी १८९३ साली फेटाळली गेली. मग २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात बसून त्या क्लबांनी वेगळी संघटना काढली. १५ ऐवजी १३ खेळाडू हा बदल १९०६ चा. पुढे तिथलाही हौशी खेळ व्यावसायिक खेळाच्या सावलीत सुकत चालला, तेव्हा १९७३ साली त्याच हडर्सफील्डमध्ये हौशी क्लबांनी स्वतःची संघटना उभारली. हे तुला इतिहास म्हणून सांगत नाही. तुझ्या यादीतले दोन संघ भोसरी आणि चाकणच्या कारखान्यांतल्या मुलांचे आहेत. त्यांच्यातल्या अनेकांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, रविवारी पहिली पाळी असते. त्यांच्या पाळ्यांचं वेळापत्रक आधी मागव आणि मग कार्यक्रम लिही. ज्याची रोजंदारी बुडते तो मुलगा तिसऱ्या आठवड्यात येणं थांबवतो, आणि त्याला खेळाची ओढ नाही असं आपण उगाच म्हणतो.

आता संघ किती हा प्रश्न. पहिल्या वर्षी सहाच घे. आठ संघांना सात फेऱ्या लागतात, सहांना पाच फेऱ्या आणि १५ सामने. सहा नावं दोन ओळींत लिही, वर तीन, खाली तीन. वरखालच्या जोड्या ही पहिली फेरी. मग पहिला संघ जागेवर ठेवून बाकीचे पाच एकेक घर सरकव. पाच फेऱ्यांत प्रत्येकाची प्रत्येकाशी एकदाच गाठ पडते. भाग्यपत्रिका सगळ्या कर्णधारांसमोर काढ, म्हणजे पहिला सामना अवघड आला तरी कुणी कुरकुर करणार नाही.

वेळा ठरवताना मात्र घाई करू नकोस. पूर्ण सामना ८० मिनिटांचा असतो, पण नवख्या खेळाडूंना तीस-तीस मिनिटांचे दोन डाव पुष्कळ झाले. मध्ये दहा मिनिटं विश्रांती आणि दोन सामन्यांत वीस मिनिटांचं अंतर धरलं, तर एकाच मैदानावर साडेसात, नऊ आणि साडेदहाला असे तीन सामने बसतात. साडेदहाचा सामना उन्हात येतो. तो ठरावीक संघांच्याच वाट्याला आला तर ते लक्षात ठेवतात आणि त्यांनी ते ठेवायलाच हवं. पाच फेऱ्यांत कुठलाही संघ एका वेळेला दोनपेक्षा जास्त वेळा येणार नाही अशी मांडणी सहा संघांत जमते. कागद-पेन्सिल घेऊन बस, थोडी खाडाखोड होईल, पण जमते.

विजयाला दोन गुण, बरोबरीला एक, आणि गुण समान झाले तर गुणफरक, इतकं सोपं ठेव. ट्रायचे, म्हणजे चेंडू समोरच्याच्या गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवण्याचे, चार, त्यानंतर गोलखांबांमधून मारलेल्या किकचे दोन, पेनल्टीच्या किकचे दोन, चालू खेळात चेंडू टप्पा पाडून मारलेल्या ड्रॉप गोलचा एक, हा हिशोब तक्ता लिहिणाऱ्या प्रत्येकाला पाठ हवा. पुढे चाल मिळाली तर कागदावर कोणता गुणफलक धरायचा, तेही स्पर्धेआधी लिहून ठेव, नाहीतर शेवटच्या फेरीत गुणफरकावरून भांडण अटळ आहे. बाद फेरीसाठी आयपीएलवाली पद्धत घे. पहिला-दुसरा खेळतात, जिंकणारा थेट अंतिम सामन्यात जातो. तिसरा-चौथा खेळतात, जिंकणारा आधीच्या हरलेल्याशी भिडतो. चौथ्या जागेसाठी झुंज राहिली की शेवटच्या फेरीपर्यंत बहुतेक संघ जिवंत राहतात. पाचव्या आणि सहाव्या क्रमांकाचा सामनाही ठेव, अंतिम सामन्याच्याच दिवशी, त्याच मैदानावर, त्याच पंचांसह. त्यांनाही शेवटच्या दिवशी प्रेक्षकांसमोर खेळायला मिळालं पाहिजे. आणि प्रत्येक क्लबकडून अनामत घे, शेवटचा सामना खेळला की ती जागेवरच परत दे.

महिने ठरवताना विलायतेकडे बघू नकोस. तिथल्या राष्ट्रीय हौशी लीगने २०१२ पासून हिवाळा सोडून उन्हाळा धरला, कारण गारठलेली, चिखलाने भरलेली मैदानं. आपल्याकडे उलटा हिशोब. गणपती, नवरात्र, दिवाळी, मग विद्यापीठाच्या परीक्षा, हे सगळं ओलांडून डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी सुरुवात कर. पहिल्या रविवारी पुणे मॅरेथॉनमुळे रस्ते बंद असतात. पाच साखळी रविवार आणि तीन बाद फेरीचे धरले तर फेब्रुवारीच्या सुरुवातीला मोकळी होशील. या काळात शहरातली मैदानं टेनिस बॉल क्रिकेटवाल्यांनी धरलेली असतात, तेव्हा अर्ज पावसाळ्यातच टाक आणि परवानगी लेखी घे.

मुरमाच्या मैदानावर मात्र एकही सामना ठेवू नकोस. कितीही स्वस्त मिळालं, स्टँडसमोर असलं, कुणी नगरसेवक मिळवून देत असला तरी नाही. टॅकलमध्ये, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला पकडून पाडताना, माणूस पूर्ण वजनानिशी पडतो. खाली गवत आणि ओलसर माती हवी. गोलरेषेपासून गोलरेषेपर्यंत १०० मीटर आणि रुंदी ६८ मीटर, शिवाय दोन्ही टोकांना गोलरेषेमागे किमान सहा मीटर इन-गोल, म्हणजे ट्राय टेकवायची पट्टी, एवढी जागा फुटबॉलच्या प्रत्येक मैदानावर निघत नाही. टेप घेऊन स्वतः मोज. मैदान थोडं आखूड चालेल, पण बाजूला कुंपण, दगड, पाइप काही नको. गोलखांबांना जाड पॅडिंग बांध.

दुखापतीबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे. तुझी बरीच मुलं कबड्डीतून येणार. त्यांची पकड उत्तम आहे, कमरेखाली आणि घोट्यात शिरायची हिंमत आहे. पण धावत येणाऱ्या गड्याला थांबवताना स्वतःचं डोकं कुठल्या बाजूला ठेवायचं, याची त्यांना सवय नसते. डोकं त्याच्या गुडघ्यासमोर गेलं की टॅकल करणाराच पडतो. पहिल्या फेरीआधी सहाही संघांचं टॅकलचं शिबिर घे आणि जो खेळाडू ते करणार नाही त्याची नोंदणी करू नकोस. डोक्याला मार लागल्याचा नुसता संशय आला तरी खेळाडू बाहेर, आणि त्या दिवशी परत आत नाही, हे निर्विवाद ठेव. ब्रिटनने २०२३ साली हौशी खेळांसाठी सूचना काढल्या, त्यात अशा खेळाडूने २१ दिवसांच्या आत स्पर्धेत उतरू नये असं म्हटलं आहे. आपल्या साखळीत याचा अर्थ पुढचे दोन रविवार नाहीच, आणि तिसऱ्या रविवारीही त्रास उरला नसेल आणि डॉक्टरांनी होकार दिला असेल तरच.

हा नियम कागदावर सगळे मान्य करतील. मोडेल तो तेरा जण जमत नसतील तेव्हा. कर्णधार चक्कर येणाऱ्या मुलाला म्हणेल, अरे उभा तरी राहा, नाहीतर सामना जाईल. तो मोह तूच काढून घे. एका संघाचे अकराच आले तर दुसऱ्यानेही अकराच उतरवायचे आणि सामना पूर्ण गुणांचा धरायचा. प्रत्येक संघाचे किमान वीस खेळाडू नोंदव. रुग्णवाहिका मैदानाच्या कडेला उभी हवी, १०८ वर फोन करू असं म्हणून चालणार नाही. ती कुणाला घेऊन गेली तर परत येईपर्यंत सामना थांबेल, हेही नियमावलीत लिही.

पंचांचं सांगतो. पुण्यात लोकांना पंधरा जणांचं किंवा सात जणांचं रग्बी माहीत आहे. चेंडू समोरच्याला देण्याआधी एका संघाला मिळणारे सहा टॅकल मोजणं, चेंडू पायाने मागे सारून खेळ चालू करणं, बचाव करणाऱ्यांनी दहा मीटर मागे हटणं, हे सांभाळणारे पंच तुला घडवावे लागतील. प्रत्येक क्लबकडून दोन माणसं माग, आणि ज्या संघाचा त्या वेळी सामना नाही त्यांनी टच जज, म्हणजे कडेच्या रेषेवरचे सहायक पंच, द्यायचे असं ठरव. पंचांचं मानधन समितीने द्यायचं, कुठल्याही संघाच्या खिशातून मैदानावर रोख नाही. शिस्तीच्या तक्रारीसाठी तीन जणांची समिती कर, त्या सामन्याशी संबंध नसलेल्यांची. अहवाल सोमवारी, सुनावणी बुधवारी, निकाल शुक्रवारच्या आत.

नोंदणी करताना वयाचा दाखला आणि फोटो घे. एका हंगामात एकच संघ आणि तिसऱ्या फेरीनंतर नवा खेळाडू नाही. बाहेरचा तगडा गडी शेवटच्या सामन्यापुरता आणण्याचं खूळ कबड्डीच्या मंडळांत मी पुरेपूर पाहिलं आहे, तळाचे संघ त्यानेच मन खचून सोडून जातात. संस्था नोंदवायची तर किमान सात जण लागतात आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात खेपा घालाव्या लागतात. पहिल्या वर्षी ते नसलं तरी चालेल, पण बँक खातं दोन सह्यांचं ठेव आणि जमाखर्च दर महिन्याला सहाही क्लबांना पाठव.

तुझ्या मुलींच्या संघांचं मी विसरलो नाही. सध्या दोनच आहेत, साखळी होणार नाही. त्यांच्यासाठी नऊ-नऊ जणींचा प्रकार घे, नऊ मिनिटांचे दोन डाव असतात. सकाळी नऊ वाजताच्या सामन्याआधीच्या वीस मिनिटांच्या अंतरात तो बसणार नाही, म्हणून शेवटच्या फेरीच्या दिवशी फक्त पहिला सामना पंधरा मिनिटं आधी सुरू कर आणि हा सामना त्याच्या आणि दुसऱ्या सामन्याच्या मधोमध ठेव, सगळे संघ मैदानावर असताना.

या आठवड्यात भोसरीच्या पोरांच्या पाळ्या विचारून घे आणि सहा संघांचा कच्चा तक्ता घेऊन रविवारी संध्याकाळी घरी ये. साडेदहाची वेळ कुणाच्या वाट्याला किती वेळा आली आहे ते आपण मिळून तपासू.

तुझे,
सर