डब्ल्यूपीटीची आयात बॉटवर सोपवताना: वाचकांचे प्रश्न

वेब-प्लॅटफॉर्म-टेस्ट्स, म्हणजेच डब्ल्यूपीटी, हा ब्राउझर बनवणाऱ्यांचा सामायिक टेस्टसंच. क्रोमियम, गेको, वेबकिट, सर्वो हे ब्राउझर प्रकल्प तो आपापल्या रेपोत (कोडच्या साठ्यात) आणतात. ही आयात बॉटकडून (आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामकडून) करून घेण्याबद्दल तेच तेच प्रश्न येत राहतात, म्हणून एकत्र उत्तरं देतो.

प्रश्न: आयात केलेल्या टेस्टमधली चूक आमच्याच रेपोत दुरुस्त केली, तर पुढच्या आयातीत ती पुसली जाते असं ऐकलं. खरं का?

ऐकीव गोष्टीवर विसंबू नका. क्रोमियम आणि गेकोमध्ये देवाणघेवाण दुतर्फा आहे. तिथला बदल मूळ रेपोकडे आपोआप पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारण्याची विनंती) म्हणून जातो. वेबकिटमध्ये निर्यातीसाठी वेगळी स्क्रिप्ट आहे. तुमच्याकडे निर्यातीची सोयच नसेल, तर मात्र दुरुस्ती जाणारच. आधी तुमच्या आयातीची देखभाल करणाऱ्याला विचारा.

प्रश्न: नावात 'टेंटेटिव्ह' असलेल्या टेस्ट वगळू का?

नको. त्या वर्तनावर अजून एकमत झालेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

प्रश्न: या टेस्ट वापरायला परवानगी लागते का?

नाही, परवाना तीन कलमी बीएसडी (मुक्त वापराचा) आहे. टेस्ट उत्पादनासोबत वाटणार असाल तर कंपनीच्या वकिलांना दाखवा.

प्रश्न: आमचा बॉट आयातीनंतर टेस्ट चालवतो, जे फेल होईल ते 'अपेक्षित' म्हणून नोंदवतो आणि मर्ज करतो. सीआय (बदल आपोआप तपासणारी यंत्रणा) कायम हिरवा असतो. यात बिघडतं काय?

बरंच बिघडतं. अशा नोंदीत निरनिराळी कारणं एका मापाने मोजली जातात. फीचरच अजून लिहिलेलं नसेल, मूळ टेस्टच चुकली असेल, तुमच्या सर्व्हरने '.सब' फाइलमधल्या (ज्यात पत्ता, पोर्ट वगैरे सर्व्हरने भरायचे असतात) जागा भरल्या नसतील किंवा बदललेल्या टेस्टने तुमच्या कोडमधला खरा दोष पकडला असेल. नोंद मात्र एकच: 'अपेक्षित: फेल'.

टाइमआऊट तर याहून वाईट. समजा एका फाइलमध्ये एकामागोमाग चालणाऱ्या बारा सबटेस्ट (छोट्या टेस्ट) आहेत आणि चौथी अडकली. उरलेल्या आठ चालतच नाहीत. स्क्रिप्ट सुरुवातीलाच कोसळली तर सबटेस्टच्या ओळी बेसलाइनमधून (अपेक्षित निकालांच्या नोंदीतून) गायब होतात, आणि गायब झालेली ओळ कुणाला लाल दिसत नाही. मी काम केलेल्या एका प्रकल्पात 'अपेक्षित: टाइमआऊट' अशी ओळ वर्षभर पडून होती. दोष आमच्याच नेटवर्क कोडमध्ये होता.

ऑटोमेशनला माझा विरोध नाही. क्रोमियमचा बॉटही बेसलाइन बदलतो, पण ज्या टीमने ती सोय नाकारलेली नाही तिच्या नावावर नव्या फेल्युअरचा बग टाकतो. तुम्हीही बॉटला फरक शिकवा. नवी फाइल फेल झाली तर बग क्रमांकासह नोंद चालेल. कालपर्यंत पास होणारी ओळ फेल झाली, नाहीशी झाली किंवा क्रॅश आला, तर बॉटने थांबायचं आणि माणसाला बोलवायचं. कमिट संदेशात (बदलाच्या नोंदीत) मूळ रेपोचा हॅश, म्हणजे कोणती आवृत्ती आणली त्याची खूण, हवाच. मग डब्ल्यूपीटी डॉट एफवायआय या ब्राउझरांचे निकाल दाखवणाऱ्या संकेतस्थळावर तीच टेस्ट बघा: क्रोम, फायरफॉक्स, सफारी सगळेच फेल असतील तर संशय टेस्टवर, तुम्ही एकटेच असाल तर स्वतःवर. देवनागरी अंकांच्या यादीची टेस्ट सीएसएस काउंटर स्टाइल्सच्या फोल्डरमध्ये आहे. ती तुमच्याकडे 'अपेक्षित: फेल' असेल तर १, २, ३ का उमटत नाहीत, हे त्या भागाच्या मालकाला विचारल्याशिवाय नोंद मान्य करू नका.

प्रश्न: एक विक्रेता आयातीच्या सेवेसोबत '९५ टक्के पास' असं प्रमाणपत्र देतो. घ्यावं का?

मुळीच नको. टेस्ट फुकट आहेत. टक्केवारी तर कशीही फिरवता येते: एन्कोडिंगसारख्या एका फोल्डरमध्ये सबटेस्टची संख्या प्रचंड आहे, तेवढ्याने आकडा झुकतो. कोणता कमिट आणि कोणते फोल्डर, हे लेखी मागा. सही करण्याआधी तुमच्या टेस्ट सांभाळणाऱ्याला करार वाचू द्या.

प्रश्न: सहा महिन्यांतून एकदा आयात केली तर?

इतका उशीर करू नका. क्रोमियमचा बॉट दिवसातून एकाहून अधिक वेळा आयात करतो. सहा महिन्यांत बदललेल्या हजारो फाइल कोणी वाचत नाही, आणि तिथेच वर सांगितलेला आंधळा 'अपेक्षित' शिक्का बसतो. आठवड्याला एकदा तरी आणा. आधीच साचलं असेल तर फोल्डर वाटून आणा, पण 'रिसोर्सेस' आणि 'कॉमन' सर्वांत आधी. टेस्टहार्नेस (टेस्ट चालवून निकाल नोंदवणारी स्क्रिप्ट) 'रिसोर्सेस'मधूनच येतो. पुढचा क्रम त्या त्या भागाच्या मालकांशी बोलून ठरवा.