नववीचा फॉर्म भरताना: कला आणि ऐच्छिक विषयांबद्दल वाचकांचे प्रश्न

नववीत जाणाऱ्या मुलांच्या घरांतून आलेल्या पत्रांपैकी सहा प्रश्न इथे घेतले आहेत. काही पत्रांत प्रश्न तोच आहे, फक्त विषयाचं नाव वेगळं. अशी पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न: मुलीला व्हायोलिन, चित्रकला, परकी भाषा आणि कोडिंग असं चारही हवं आहे. फॉर्मवर ऐच्छिक विषयांचे रकाने दोनच. चित्रं ती आधीपासूनच चांगली काढते. कशावर काट मारायची? — एक आई

‘आवड कशात जास्त’ हे तिला पुन्हा विचारू नका, तिने उत्तर दिलंच आहे. त्याऐवजी चारही विषयांपुढे एकच प्रश्न लिहा: हा विषय दोन वर्षांनी सुरू केला तर चालेल का?

व्हायोलिनचं उत्तर ‘नाही’ असं येईल. या वाद्याला पडदे नसतात. बोट कुठे पडलं की सूर नेमका लागतो, हे कानाने आणि सवयीने शिकावं लागतं आणि त्यात पहिलं वर्ष सहज जातं. अकरावीत शाळेच्या वाद्यवृंदात गेलं तर बाकीची मुलं स्वरलेखन वाचून वाजवत असतात. त्यांना थांबवून एका नवशिक्याला शिकवायला शिक्षकांकडे वेळ नसतो. परक्या भाषेचंही साधारण तसंच. ती पायऱ्यांनी शिकवतात, पहिली पायरी चुकली तर दुसरीच्या वर्गात बसता येत नाही आणि मध्ये एक वर्ष खंड पडला तर शब्द भराभर निसटतात. कोडिंग मात्र उशिरा धरलं तरी जमतं, गणित सुटलेलं नसलं म्हणजे झालं. चित्रकला या दोहोंच्या मध्ये आहे. हात घरी चालू ठेवता येतो, पण पुढच्या रंगकाम किंवा डिझाइनच्या वर्गासाठी शाळा बहुधा ‘पायाभूत चित्रकला’ पूर्ण केलेली मागते.

आता फॉर्मच्या सोबतची विषयपुस्तिका उघडा आणि प्रत्येक विषय पूर्ण वर्षाचा आहे की अर्ध्या वर्षाचा, ते पाहा. दोन रकाने म्हणजे प्रत्यक्षात चार अर्धी वर्षं. व्हायोलिनला त्यातली दोन द्या. उरलेल्या दोनांत पायाभूत चित्रकला आणि कोडिंगची ओळख बसते का, ते तपासा. बसत असेल तर भाषा दहावीत घेता येईल. मात्र पुढच्या शिक्षणासाठी भाषेची सलग तीन-चार वर्षं लागणार असतील, तर कोडिंग आणि चित्रकला दोन्ही मागे ठेवून भाषा आताच घ्या. मुलगी चित्रं काढायची थांबणार नाही. तिला कुणी सांगितलं म्हणून ती काढत नव्हतीच.

फॉर्म देण्यापूर्वी शाळेला आणखी एक गोष्ट विचारा, जी पालक सहसा विचारत नाहीत: कोणत्या विषयाची एकच तुकडी आहे? गणिताच्या चार-पाच तुकड्या असतात, त्यामुळे एक तासिका जुळली नाही तर दुसरी मिळते. वाद्यवृंदाची तुकडी बहुधा एकच असते. तिची तासिका आणि एकच तुकडी असलेल्या दुसऱ्या विषयाची तासिका एकाच वेळी आली, तर दोन्ही मिळणं शक्य नसतं. मग वेळापत्रक लावणारा माणूस किंवा संगणक तुमच्या पर्यायी पसंतीकडे जातो. म्हणून पर्यायी पसंतीचा रकाना कंटाळून भरू नका. तिथे घाईत लिहिलेला विषय मुलांना वर्षभर करावा लागल्याची पत्रं दर वर्षी येतात.

प्रश्न: मला सरळ रेघसुद्धा मारता येत नाही. पण कलेचा एक विषय घ्यावाच लागणार आहे. सगळ्यांसमोर हसं होणार नाही असा कोणता? — नववीत जाणारी विद्यार्थिनी

रेघ वाकडी येते, कारण बहुतेक जण मनगटाने मारतात. लांब रेघेसाठी मनगट स्थिर ठेवून हात खांद्यातून हलवायचा आणि नजर पेन्सिलच्या टोकावर न ठेवता रेघ जिथे संपायची आहे त्या बिंदूवर ठेवायची. मोठ्या कागदावर रोज वीस रेघा मार, दोन आठवड्यांत फरक दिसेल. पायाभूत चित्रकलेचा वर्ग इथूनच सुरू होतो, तेव्हा ‘येत नाही’ ही त्या वर्गासाठी अडचण नाही.

तरीही चित्रकला नकोच असेल, तर मातीकाम, छायाचित्रण आणि रंगमंच हे तीन पर्याय आहेत.

मातीकामात हाताला सफाई नसली तरी चालतं, उतावीळपणा मात्र नडतो. वस्तूच्या भिंतीची जाडी सगळीकडे सारखी, साधारण पाऊण ते एक सेंटिमीटर ठेवायची. मगाला कान जोडताना दोन्ही जागी ओरखडे काढायचे, त्यांना पातळ चिखल लावायचा आणि मगच दाबायचं. कान ओला आणि मगाची भिंत सुकलेली असेल तर सुकताना दोघं वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात आणि जोडावर चीर जाते. नंतर वस्तू प्लास्टिकखाली सावकाश सुकवायची. याला आठवडा लागतो, जाड वस्तूला त्याहून जास्त. भट्टीत वस्तू फुटली की ‘आत हवा राहिली होती’ असं सगळे म्हणतात. खरं कारण बहुतेक वेळा ओल असते: शंभर अंशांला आतल्या पाण्याची वाफ होते आणि तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर ती माती फोडते. पहिली भाजणी सुमारे हजार अंश सेल्सिअसला होते, त्यानंतर झिलई, म्हणजे काचेसारखा लेप, आणि दुसरी भाजणी. म्हणजे आज केलेला मग हातात यायला तीन-चार आठवडे जातात. तेवढा धीर आहे का, हे स्वतःला विचार. तासिका किती मिनिटांची आहे तेही विचार. चाळीस मिनिटांत दहा मिनिटं सामान काढायला आणि दहा धुवायला जातात. माती हातात राहते ती वीस मिनिटं. जोड तासिका मिळत असेल तरच हा विषय घेण्यात मजा आहे.

छायाचित्रणात अर्धं काम वर्गाबाहेर असतं. कॅमेरा शाळा देते का, आणि छिद्र (उजेड आत घेणारं भोक), शटरचा वेग (ते किती वेळ उघडं राहतं) व आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील) हाताने बदलता येणारा कॅमेरा लागतो की फोन चालतो, हे आधी विचार. सगळं आपोआप ठरवणाऱ्या फोनवर हे तिन्ही शिकता येत नाही, फक्त चौकट, म्हणजे फोटोत काय घ्यायचं आणि काय वगळायचं, ते शिकता येतं.

रंगमंचाच्या वर्गात सगळ्यांना नायक व्हावं लागत नाही. प्रकाशयोजना, ध्वनी, नेपथ्य, वेशभूषा यांनाही माणसं लागतात आणि बुजऱ्या मुलांना विंगेतलं काम फार मानवतं. मात्र प्रयोगाच्या आधीचे दोन-तीन आठवडे तालमी शाळा सुटल्यावरही चालतात. तू त्या वेळी दुसऱ्या शिकवणीला जात असशील, तर हे आधीच मांड. तालमीला दांडी मारणाऱ्यावर सगळा संच चिडतो आणि ते योग्यच आहे.

प्रश्न: मी समूहगानात आहे, पण हल्ली आवाज मध्येच फाटतो. शिवाय दातांना तारा बसणार आहेत, म्हणून ट्रम्पेटही नको म्हणतात. संगीत सोडू का? — एक विद्यार्थी

सोडू नकोस, फक्त शिक्षकांना दोन्ही गोष्टी सांग. या वयात स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात. मुलांचा आवाज सुमारे एक सप्तक खाली येतो, मुलींचा दोन-तीन सुरांनी. हे व्हायला काही महिने लागतात, कुणाला वर्ष-दोन वर्षंही. या काळात जे पाच-सहा सूर सहज लागतात तेवढ्यांतच गायचं. जुन्या उंच सुरांसाठी गळा ताणायचा नाही आणि खालचे सूर ‘मर्दानी’ वाटावेत म्हणून दाबायचेही नाहीत. गाऊन झाल्यावर घसा दुखला तर तो दिवस पुरे. चांगले शिक्षक मुलाला दर काही आठवड्यांनी तपासून वेगळ्या आवाजाच्या गटात हलवतात. तुझ्या शाळेत तसं करतात का, हे विचारून घे.

तारांचं म्हणशील तर ट्रम्पेट, हॉर्न अशा पितळी वाद्यांत ओठ दातांवर दाबले जातात, त्यामुळे पहिले काही आठवडे आतून टोचतं. तारांवर लावायचं मेण दंतवैद्य देतात आणि बरीच मुलं त्यावर निभावून नेतात, पण वरचे सूर काही काळ जातात हे खरं. क्लॅरिनेट, सॅक्सोफोनला त्रास कमी. बासरीत फुंकेचा कोन नव्याने सापडेपर्यंत आवाज विरळ येतो. तंतुवाद्यं आणि तालवाद्यं यांना काहीच फरक पडत नाही.

कोणतंही वाद्य घेतलंस तरी रविवारी तीन तास बसण्यापेक्षा रोज पंचवीस मिनिटं वाजव. बोटांना शिकवलेलं झोपेत पक्कं होतं. आठवड्यातून एकदाच शिकवलं तर ते पक्कं व्हायला एकच रात्र मिळते. शिवाय तीन तासांतला शेवटचा तास चुका घोटण्यात जातो.

प्रश्न: सरासरी वर जावी म्हणून सोपा ऐच्छिक विषय सुचवा. चित्रकला सोपी असते ना? — एक वडील

नसते. गणिताची परीक्षा चार दिवस जागून काढणारी मुलं आहेत, चित्रवहीची वीस पानं एका रात्रीत भरून कुणालाही फसवता येत नाही. सोमवारच्या आणि तीन महिन्यांनंतरच्या पानात फरक दिसतो का, तेच शिक्षक पाहतात. कलाविषयात गुण बहुधा तीन ठिकाणी विभागलेले असतात: कच्चं काम आणि वही, पूर्ण झालेली कृती, आणि स्वतःच्या व दुसऱ्याच्या कामाविषयी बोलणं किंवा लिहिणं. हात चांगला असलेल्या मुलांचे गुण पहिल्या आणि तिसऱ्या ठिकाणी जातात. पूर्ण चित्र उत्तम असतं, पण ते कसं सुचलं याचे टप्पे वहीत नसतात. शाळेकडून गुणविभागणी लेखी मागा आणि मग मुलाकडे बघून ठरवा. वेळेवर आणि थोडं थोडं काम करणारा मुलगा असेल, तर इथे गुण मिळतात. शेवटच्या आठवड्यात उठणारा असेल, तर तुम्हाला हवी असलेली सरासरी याच विषयात घसरेल.

प्रश्न: मुलाला हिरवा आणि तपकिरी यांत गोंधळ होतो. कला घेऊ द्यावी का? — एक पालक

आधी नेत्रतज्ज्ञांकडून तपासून घ्या. लाल-हिरव्याचा हा दोष मुलग्यांत मुलींपेक्षा बराच जास्त आढळतो, कारण त्याची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात आणि मुलग्यात ते एकच असतं. कला घ्यायला काहीच हरकत नाही. रंगाच्या नळ्यांवर नाव लिहायचं, पॅलेटवर रंगांचा क्रम कायम एकच ठेवायचा आणि शिक्षकांना पहिल्याच आठवड्यात सांगायचं, नाहीतर जांभळं झाड पाहून ‘कल्पक’ म्हणतील किंवा रागावतील, दोन्ही चुकीचं. अशी मुलं उजेड-सावलीवर अवलंबून असतात, त्यामुळे कोळशाचं रेखाटन, मातीकाम, ठसाचित्रण आणि कृष्णधवल छायाचित्रण यांत त्यांना काहीच अडत नाही. चित्राचा फोटो काढून तो कृष्णधवल करून पाहायची सवय तर सगळ्यांनाच उपयोगी आहे: त्यात चित्र सपाट दिसलं तर रंग कितीही सुंदर असोत, छटांचा फरक कमी पडलेला आहे.

प्रश्न: पुढे वास्तुकला किंवा डिझाइनला जायचं आहे. म्हणून सगळे ऐच्छिक विषय कलेचेच घेतले तर? शिवाय विषय नाही पटला तर बदलता येतो का? — एक विद्यार्थिनी

वास्तुकलेसाठी गणित, आणि अनेक ठिकाणी भौतिकशास्त्रही, लागतं. ते सोडून चित्रकलेचे तीन वर्ग केलेस तर दार बंद व्हायची शक्यता आहे. प्रवेशाचे नियम आत्ताच वाच, बारावीत नव्हे. कलेचा एक वर्ग दर वर्षी, एवढं पुरेसं आहे.

डिझाइनच्या प्रवेशाला पोर्टफोलिओ मागतात, बहुधा दहा ते वीस कामांचा. त्यात सर्वांत जास्त अडतं ते फोटोवरून किंवा कार्टूनवरून उतरवलेल्या चित्रांमुळे. चौकटी आखून हुबेहूब केलेला नटाचा चेहरा घरच्यांना आवडतो, तपासणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं की मुलीकडे चिकाटी आहे. समोर ठेवलेला बूट, स्वतःचा हात, खोलीचा कोपरा, बसमधली माणसं हे प्रत्यक्ष पाहून काढ. प्रत्येक पानावर तारीख टाक, फसलेली पानं फाडू नकोस. पूर्ण कामाचे फोटो खिडकीजवळ, थेट ऊन नसताना, फ्लॅश बंद करून काढ. कॅमेरा कागदाला समांतर धर, नाहीतर चौकोन तिरका येतो.

विषय बदलायची मुदत बहुतेक शाळांत सुरुवातीचे दोन-तीन आठवडेच असते. नेमकी तारीख पहिल्याच दिवशी विचारून वहीत लिहून ठेव. पहिल्या आठवड्यातला कंटाळा मोजू नकोस, तेव्हा सगळ्याच वर्गांत नियम आणि ओळख चालू असते. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी पाहा: काम अवघड वाटतंय, की कामच नकोसं वाटतंय? अवघड वाटत असेल तर थांब. नकोसं वाटत असेल तर बदल, पण आधी ज्या विषयात जायचं आहे त्या तुकडीत जागा आहे याची खात्री कर. मुदतीनंतर सोडलेला विषय काही शाळांच्या गुणपत्रकावर ‘सोडला’ असा नोंदला जातो.